कांतो भूकंपाची लोकवर्गणी

१ सप्टेंबर १९२३ रोजी मध्यान्हीला दोन मिनिटे उरली असताना, घरोघरी दुपारच्या जेवणासाठी चुली आणि शेगड्या पेटलेल्या असताना, जपानच्या कांतो प्रदेशातील धरणी हादरली. आणि टोकियो व योकोहामा ही दोन महानगरे भूकंपाने जितकी उद्ध्वस्त झाली, त्याहून अधिक त्यानंतरच्या अग्निप्रलयाने भस्मसात झाली. मृतांची संख्या एक लाखावर गेली. त्यांपैकी सुमारे अडतीस हजार माणसे होंजो भागातील लष्करी कापडकोठाराच्या मोकळ्या पटांगणात, आता आपण वाचलो या भरवशाने, हाती लागेल तो संसार घेऊन जमली होती. त्याच दुपारी ती अग्नीच्या आवर्तात सापडली.

तारायंत्रे बंद पडली होती. योकोहामाच्या बंदरातील जहाजावरून बिनतारी यंत्राने निघालेली वार्ता फुकुशिमा प्रांतातील केंद्राने टिपली, आणि तेथून ती प्रशांत महासागर ओलांडून अमेरिकेस पोहोचली. अध्यक्षपदावर येऊन जेमतेम महिना झालेल्या कॅल्विन कूलिज यांनी ३ सप्टेंबरला राष्ट्रास मदतीचे आवाहन केले व निधी जमविण्याची जबाबदारी अमेरिकन रेडक्रॉसवर सोपविली. पन्नास लाख डॉलरांच्या आसपास ठरविलेले उद्दिष्ट थोड्याच दिवसांत मागे पडले, आणि अखेरची जमा एक कोटी वीस लाख डॉलरांच्या घरात गेली.

हे यश केवळ दयार्द्रतेचे होते असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात रेडक्रॉसच्या शाखा गावोगाव पसरल्या होत्या, लक्षावधी कुटुंबांना तिच्या वर्गणीची सवय लागली होती, आणि त्यामुळे आवाहनाचा मसुदा निघताच कोणत्या शहराने किती भार उचलायचा हे नेमून देणे व आलेली रक्कम दफ्तरी नोंदवून वर पाठविणे या कामांसाठी नवी यंत्रणा उभारावी लागली नाही. परदुःखाने मन हेलावते ते क्षणात. परंतु त्या क्षणी पुढे आलेला पैसा घेणारा विश्वासू हात आधीपासून जागेवर असावा लागतो, आणि तो कित्येक वर्षांच्या नीरस, चोख जमाखर्चाने घडतो. या मोहिमेतील मला सर्वांत आदरणीय वाटणारी गोष्ट ती हीच.

या दानामागे एक जुने ऋणही होते. १९०६ साली सान फ्रान्सिस्को भूकंपाने व आगीने बेचिराख झाले, तेव्हा जपानातून सुमारे अडीच लाख डॉलर गेले होते. इतर सर्व परदेशांतून मिळून आलेली मदतही तेवढी भरली नव्हती. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात त्या शहराच्या शाळामंडळाने जपानी मुलांना वेगळ्या शाळेत बसविण्याचा हुकूम काढला, हेही त्याच दफ्तरात नोंदलेले आहे.

चीनमध्ये तर त्या वेळी जपानी मालावर बहिष्काराची चळवळ चालू होती, आणि तरीही तेथे मदतफंड निघाले. विख्यात नट मेइ लानफांग यांनी भूकंपग्रस्तांसाठी नाट्यप्रयोग केले, तर पदच्युत सम्राट पू यी याने राजवाड्यातील मौल्यवान वस्तू देऊन टाकल्या. ज्या राष्ट्राशी वैर आहे त्याच्या निराश्रितांसाठी तिकीट काढून नाटकास बसलेला तो पेकिंगचा प्रेक्षक मला लक्षावधी डॉलरांच्या दात्याहून तिळमात्र लहान वाटत नाही. मात्र याच दिवसांत, विहिरींत विष कालविल्याच्या खोट्या अफवेवरून, जपानात हजारो कोरियन माणसांची हत्या झाली. समुद्रापलीकडील अनोळखी लोक रसद धाडीत असता शेजारची माणसे शेजाऱ्यांच्या हातून मारली जात होती. या भूकंपाचा वृत्तांत त्या हत्याकांडावाचून लिहिणे म्हणजे असत्य लिहिणे होय.

२६ मे १९२४ रोजी, म्हणजे आवाहनाला नऊ महिने होण्यापूर्वीच, कूलिज यांनी नव्या आगमन-कायद्यावर सही केली, आणि त्यान्वये जपानी लोकांना अमेरिकेचे दार बंद झाले. जपानात संताप उसळला. त्यावरून ती वर्गणी ढोंग होती असा निष्कर्ष काढणारे आहेत. तो मला अन्यायाचा वाटतो. वर्गणी देणारा गिरणी-कामगार कायदा करीत नव्हता, आणि त्याने दिलेल्या पैशाचे तांदूळ, तंबू व इमारती लाकूड उपाशी, उघड्या पडलेल्या माणसांपर्यंत खरोखरच पोहोचले. दोन सरकारांतील स्नेह टिकविणे हे त्या पैशाचे काम नव्हते; आणि ज्या कामासाठी तो मागितला होता, त्यात त्याने कसूर केली नाही.

त्या अमेरिकन निधीच्या एका भागातून, होंजोच्या त्या पटांगणाजवळच, गोरगरिबांच्या उपचारांसाठी एक इस्पितळ बांधण्यात आले. दोआई स्मारक रुग्णालय या नावाने ते १९२९ साली उघडले, आणि टोकियोत ते आजही चालू आहे.