मिठाचे माप

आजारी माणसांच्या भेटीसाठी घरोघर जाताना एक गाऱ्हाणे हमखास कानी येते. "फादर, डॉक्टरांनी मीठ बंद केले, आता जेवणात उरले काय?" असे खाटेवरच्या आजी विचारतात. त्याच घरातला नातू मैदानावरून धावून येतो आणि त्याची आई लिंबाच्या सरबतात चिमूटभर मीठ टाकते. आजीला जे वर्ज्य, ते नातवाला हितकर कसे? या प्रश्नाचा उलगडा होण्यास वैद्यकाला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला.

मिठाचा सुमारे ४० टक्के भाग सोडियमचा असतो. शरीरातील पाण्याचा समतोल राखणे, मज्जातंतूंतून संदेश वाहणे आणि स्नायूंच्या हालचालीस साहाय्य करणे ही त्याची कामे. घामावाटे पाण्याबरोबर तेही निघून जाते. इंग्लंडमधील खोल, उष्ण कोळसा खाणींत मजुरांच्या हातापायांत व पोटात असह्य गोळे येत. भरपूर पाणी पिऊनही ते थांबत नसत. घामातून गेलेल्या मिठाची भरपाई न करता नुसते पाणी पिणे हेच या दुखण्याचे मूळ होय, असे के. नेव्हिल मॉस यांनी १९२३ साली दाखवून दिले. पुढे १९३० नंतरच्या दशकात लंडनच्या डॉ. आर. ए. मॅकन्स यांनी स्वतःवर व काही सहकाऱ्यांवर प्रयोग केला. अळणी अन्न खायचे आणि उष्णतेत घाम गाळायचा, असा तो क्रम होता. काही दिवसांतच तोंडाची चव गेली, पेटके आले, थोड्या श्रमानेही थकवा वाटू लागला. पुन्हा मीठ मिळताच ही लक्षणे मावळली.

अभावाची कथा ही अशी. अतिरेकाची कथा याहून दुःखद आहे. मीठ व रक्तदाब यांचा संबंध पॅरिसमध्ये आंबार आणि बोजार यांनी १९०४ सालीच नोंदवला होता. १९४० नंतर अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात डॉ. वॉल्टर केम्पनर यांनी रुग्णांना अळणी भात, फळे व साखर एवढ्यावरच ठेवले. गुणकारी औषधे नव्हती त्या काळात अनेकांचा रक्तदाब उतरला.

ईशान्य जपानमध्ये त्या सुमारास मिठात मुरवलेल्या भाज्या व खारवलेली मासळी यांमुळे माणशी रोज २५ ग्रॅमहून अधिक मीठ पोटात जाई, आणि पक्षाघाताने कित्येक जण ऐन उमेदीत दगावत. जेथे मीठ अधिक तेथे अतिरक्तदाब अधिक, असे अमेरिकेचे संशोधक लुईस डाल यांनी १९६० साली निरनिराळ्या समाजांची तुलना करून मांडले. जपानने पुढे मीठ कमी करण्याची मोहीम आणि रक्तदाबाची तपासणी व उपचार यांवर भर दिला. पक्षाघाताचे मृत्यू पुष्कळ घटले.

आपल्या किनाऱ्यावरील घरांना ही कथा परकी वाटू नये. पावसाळ्याच्या बेगमीची खारवलेली मासळी, लोणची, पापड हे आपल्याही ताटात असतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ व्यक्तीस दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा कमी मीठ सुचवते. त्यात लोणच्या-पापडांतले मीठही मोजायचे असते.

धावणाऱ्या मुलांसाठीही एक धडा आहे. २००२ सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांचे सोडियम उतरलेले आढळले. शर्यतीत गरजेपेक्षा जास्त पाणी पिणे हे त्याचे मोठे कारण होते. म्हणून तहान लागेल तसे प्यावे. रोजच्या थोड्याशा धावण्याला जादा मिठाची गरज नसते. उन्हातान्हात तासन्तास घाम गळाला, तरच भरपाईचा विचार करावा. उलटपक्षी, लघवी होण्याच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांनी डॉक्टरांना न विचारता मीठ पार सोडू नये.

आणि आजींच्या गाऱ्हाण्याचे काय? त्यांच्यासाठी वेगळी अळणी भाजी शिजवण्याऐवजी साऱ्या घराने हळूहळू मीठ कमी करावे. कोकम, लिंबू, लसूण यांनी चव राखावी. काही आठवड्यांत जिभेला सवय होते. मग आजींना एकट्याने वेगळे जेवावे लागत नाही आणि मुलांचेही त्यात हित होते.