लक्ष सुटतं तेव्हा खेळात नेमकं काय चाललेलं असतं?

१९९३ साली नागझिऱ्याच्या अभयारण्यात राही अनिल बर्वे यांना त्यांच्या एका मित्राने नारायण धारपांची एक भयकथा सांगितली. ती ऐकून बर्वे हादरून गेले. 'तुंबाड' या चित्रपटाची सुरुवात त्या सांगण्यातून झाली, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. चित्रपट पडद्यावर आला २०१८ मध्ये, म्हणजे एका ऐकलेल्या गोष्टीने पंचवीस वर्षं पिच्छा सोडला नाही. नागझिरा तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि अभयारण्याचा मोठा भाग तिकडे गेला.

एकाने सांगायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, ही व्यवस्था सोपी असते. ऐकणाऱ्याला गोष्टीत काही बदलता येत नाही, त्यामुळे तो निमूट ऐकतो. आता तिथे पाच ऐकणारे बसवा आणि प्रत्येकाला सांगा, "गोष्टीतलं एक पात्र तुझं. ते काय करेल ते तू ठरव." यालाच रोल-प्लेइंग गेम म्हणतात. टेबलाभोवती चार-पाच जण, एक खेळ चालवणारा, थोडे फासे आणि बाकी सगळं बोलणं. त्यातला आजच्या काळातला अलौकिक रहस्याचा प्रकार घ्या: बंद पडलेली राइस मिल, रात्री दोन वाजता मेलेल्या माणसाच्या नंबरवरून येणारा कॉल, आणि छडा लावायला निघालेले पाच जण. दहा मिनिटांत एक जण मोबाइल बघतो, दुसरा विनोद करतो, तिसरा विचारतो, "आपण इथे कशाला आलो होतो रे?"

खेळ चालवणाऱ्यांची ही जुनी तक्रार आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी ती तपासण्यासारखी आहे, कारण 'लक्ष' हा शब्द आपण सगळेच फार सहज वापरतो.

तक्रारीचा जन्म

पंच असलेला युद्धखेळ प्रशियाच्या सैन्यातून आला. १८२४ मध्ये राइसविट्झ या अधिकाऱ्याने 'क्रीग्सश्पील'चे नियम छापले. पुढे १८८० मध्ये अमेरिकी सैन्यातल्या चार्ल्स टॉटनने 'स्ट्रॅटेगोस' नावाचं पुस्तक लिहिलं. १९६० च्या दशकात डेव्हिड वेस्ली या तरुणाला हे पुस्तक मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडलं. (ग्रंथालयात जुनी पुस्तकं चाळणं म्हणजे वेळ घालवणं, असं कोणी म्हटलं तर हे उदाहरण द्या.) त्यातली एक कल्पना त्याला भावली: खेळाडू काहीही करायचा प्रयत्न करू शकतो, परिणाम पंच ठरवतो.

वेस्लीने नेपोलियनच्या काळातलं 'ब्राउनस्टाइन' नावाचं काल्पनिक गाव मांडलं. लढणाऱ्या सेनापतींसोबत त्याने काही खेळाडूंना महापौर, बँकर, विद्यापीठाचा कुलगुरू अशा भूमिका दिल्या. प्रत्येकाचा हेतू वेगळा. झालं काय, तर लढाई बाजूलाच राहिली. लोक वेस्लीला एकेकटे बाजूच्या खोलीत नेऊन गुप्त बेत सांगू लागले, बाकीचे आपसात कारस्थानं करू लागले, दोघांनी तर द्वंद्व पुकारलं, आणि द्वंद्वाचे नियम वेस्लीकडे नव्हतेच. त्याला वाटलं, प्रयोग फसला. खेळाडू मात्र विचारू लागले, "पुढचा कधी?"

त्या खेळाडूंमध्ये डेव्ह अर्नसन होता. त्याने आणि गॅरी गायगॅक्सने १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रकाशित केला. थोडक्यात, हा खेळप्रकार जन्मला तोच 'लक्ष विखुरलं' या अनुभवातून. नंतर तळघराचा, भुयाराचा नकाशा आला आणि प्रश्न बराचसा सुटला. भुयारात जायला दोनच वाटा असतात, डावी किंवा उजवी. पाचही जण एकत्रच राहतात. माझ्या मते भुयार लोकप्रिय होण्याचं हे एक कारण आहे: भिंतीच लक्ष बांधून ठेवत होत्या.

भिंती गेल्या, पुरावे आले

१९८१ मध्ये केऑसियम कंपनीने सँडी पीटरसनचा 'कॉल ऑफ कथुलू' आणला. लव्हक्राफ्टच्या भयकथांवर बेतलेल्या या खेळात राक्षस मारत सुटायचं नाही. जुनी कागदपत्रं शोधायची, लोकांशी बोलायचं, आणि जसजसं कळत जातं तसतसं पात्राचं मानसिक संतुलन ढळत जातं. ग्रंथालय वापरता येणं हे इथे एक अधिकृत कौशल्य आहे. (आपल्याला हे वेगळं सांगायला नको.)

पण रहस्याला भिंती नसतात. खेळाडू शहरात कुठेही जाऊ शकतात. त्यात महत्त्वाचा पुरावा मिळणं फाशावर अवलंबून. दान वाईट पडलं की चिठ्ठी सापडत नाही, आणि चिठ्ठी नाही तर पुढची वाटही नाही. मग टेबलावर काय होतं? गप्पा, मोबाइल, विनोद. खेळ चालवणारा म्हणतो, "यांचं लक्षच नाही." प्रत्यक्षात त्यांच्यापुढे लक्ष देण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

यावर उत्तर यायला दोन दशकांहून जास्त काळ गेला. रॉबिन लॉज याने 'गमशू' ही पद्धत बांधली. तिचं तत्त्व असं: पुरावा सापडणं हा खेळाचा भाग नाही, त्याचा अर्थ लावणं हा आहे. योग्य जागी, योग्य कौशल्याने शोधलं की मुख्य पुरावा मिळणारच. २००५ मध्ये आलेल्या 'ड्रेड' या भयखेळाने तर फासे काढूनच टाकले आणि टेबलावर जेंगाचा लाकडी ठोकळ्यांचा मनोरा ठेवला. धोक्याचं काही करायचं असेल तर एक ठोकळा ओढायचा. मनोरा ज्याच्या हातून पडला, त्याचं पात्र खेळातून बाद. डुलणाऱ्या मनोऱ्याकडे "बघा" असं कोणाला सांगावं लागत नाही.

या दोन्ही उपायांत खेळाडूंना शिस्त लावलेली नाही, रचना बदलली आहे. हा मुद्दा इथेच नोंदवून ठेवा.

"कोणाचं लक्ष? कशावरून?"

हे खेळ मी पहिल्यांदा निरीक्षक म्हणून पाहिले तेव्हा टिपणवहीत दर पाच मिनिटांनी 'लक्ष सुटलं' असा शेरा मारत होतो. ती वही बघून मार्गदर्शकांनी दोनच प्रश्न विचारले, "कोणाचं? कशावरून?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी खेळ चालवणाऱ्याचा शब्द उचलून माझं निरीक्षण म्हणून लिहीत होतो.

तिथून गॅरी अॅलन फाइनचं 'शेअर्ड फँटसी' (१९८३) हाती आलं. फाइन समाजशास्त्रज्ञ. त्याने मिनियापोलिस परिसरातल्या खेळाडूंमध्ये बसून, स्वतः खेळून क्षेत्रकार्य केलं. अर्विंग गॉफमनच्या 'फ्रेम अॅनालिसिस'मधली (१९७४) चौकटीची कल्पना त्याने टेबलाला लावली. एकच माणूस तिथे तीन चौकटींत वावरतो: माणूस म्हणून, खेळाडू म्हणून आणि पात्र म्हणून. आपल्या टेबलावर हे असं दिसेल:

"थांब, आईचा फोन आहे." – माणूस.
"माझं दान किती पडलं? चालेल का?" – खेळाडू.
"मी विहिरीत टॉर्च मारतो." – पात्र.

ही तिन्ही वाक्यं एकाच मिनिटात, एकाच तोंडून येऊ शकतात. फाइन दाखवतो की चौकटींमधली ही ये-जा सतत आणि झपाट्याने चालते. तीच या खेळाची नेहमीची चाल आहे. मग 'लक्ष सुटलं' याचा अर्थ इतकाच उरतो की माणूस दुसऱ्या चौकटीत गेला. खरा प्रश्न पुढचा: त्याला परत कोण आणतं, आणि कसं?

झाडीपट्टीत हे काम कोण करतं?

इथे मला भंडाऱ्याकडे यावंसं वाटतं. दिवाळी झाली की भंडारा-गोंदियाच्या गावोगावी मंडई भरते. दंडार होते, खडी गंमत होते. धान निघालं की नाटकांचा हंगाम, तो होळीपर्यंत. वडसा हे नाटक कंपन्यांचं केंद्र. दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक, ही इकडची जुनी जोडी. नाटक रात्री दहाच्या आसपास सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव देशभर गेलं.

रात्रभर एकटक लक्ष कोण देईल? कोणीच नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. लेकरं झोपतात, माणसं चहाला उठतात, पाहुण्यांची ख्यालीखुशाली चालते. नाटकाची रचनाच हे गृहीत धरून केलेली असते: गंभीर प्रवेशानंतर विनोदी प्रवेश, मध्ये गाणं, मध्ये नाच. विनोदी नट कथेतून बाहेर येतो, गावातल्या ताज्या गोष्टीवर टोमणा मारतो, हशा पिकतो, आणि त्याच हशावर स्वार होऊन तो लोकांना पुन्हा कथेत घेऊन जातो. चौकट मोडणं हे त्याचं नेमून दिलेलं काम आहे, आणि परत आणणंही त्याचंच.

दुसरी गोष्ट झील. तमाशा, पोवाडा, गोंधळ यांत मुख्य गाणारा ओळ म्हणतो आणि झीलकरी तिचा शेवट उचलून धरतात. झीलकऱ्याला स्वतंत्र ओळी फारशा नसतात, पण त्याला गैरहजर राहता येत नाही. ओळ संपते त्या क्षणी त्याचा सूर लागतो. कीर्तनातही पूर्वरंग आणि उत्तररंग यांच्या मध्ये नामघोष असतो, तो श्रोत्यांच्या तोंडून वदवला जातो. ज्याची आता पाळी नाही, त्यालाही काम असतं.

रोल-प्लेच्या टेबलावर नेमकी हीच जागा रिकामी असते. एक जण विहिरीत उतरलाय, बाकी चौघांना वीस मिनिटं काम नाही. त्यांना झील द्या. एकाकडे पुराव्यांची वही, दुसऱ्याकडे 'आत्तापर्यंत काय झालं' हे दोन वाक्यांत सांगायची जबाबदारी, तिसऱ्याने विहिरीतल्या आवाजाचं पात्र करायचं. मोबाइल हातातून सुटतच नसेल तर मेलेल्या माणसाचा मेसेज त्याच मोबाइलवर येऊ द्या. आणि चहाची वेळ आधीच ठरवा, म्हणजे उठणं हाही खेळाचाच भाग होतो.

हसू नेहमी टवाळीच नसतं

एक गोष्ट मात्र मिनियापोलिसच्या पुस्तकातून मिळत नाही. तिथल्या खेळाडूंसाठी पछाडणारं भूत ही कादंबरीतली चीज होती. आपल्याकडे करणी, जादूटोणा, मांत्रिक हे शब्द कादंबरीत मावत नाहीत. त्यांच्यापायी माणसं मारली गेली आहेत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. एखादी व्यक्ती करणी करते असं सांगून तिच्या जगण्यात अडथळे आणणं हा या कायद्याखाली गुन्हा आहे.

म्हणून भंडाऱ्यातल्या गावात घडणारा खेळ मांडला आणि "हिनेच करणी केली" या वळणावर कोणी मोठ्याने हसलं, तर 'लक्ष सुटलं' लिहून पुढे जाऊ नका. त्या हसण्यामागे कंटाळा असू शकतो. घरात ऐकलेली, शेजारच्या गल्लीत पाहिलेली एखादी खरी गोष्टही असू शकते. तो माणूस पात्राच्या चौकटीतून पळून माणसाच्या चौकटीत आलेला असतो, कारण तिथे त्याला सुरक्षित वाटतं. त्याला ओढून परत आणणं हे चालवणाऱ्याचं काम नाही. खेळ थांबवून विचारणं आहे. आणि रहस्याचं उत्तर 'गावातली एकटी राहणारी बाई' असं ठेवू नये, हे माझं स्पष्ट मत आहे. ती गोष्ट खेळात पुन्हा सांगितली की खेळाबाहेरही तिला बळ मिळतं.

तुमच्या संशोधनासाठी

तीन गोष्टी सोबत घेऊन जा.

पहिली, शब्द कोणाचा ते तपासा. 'लक्ष नाही', 'बेशिस्त', 'निष्क्रिय प्रेक्षक' हे शब्द बहुतेक वेळा सत्ता असलेल्या माणसाचे असतात. शिक्षकाचे, पंचाचे, आयोजकाचे. ते साधन म्हणून वापरण्याआधी पुरावा म्हणून वाचा.

दुसरी, नियमपुस्तक म्हणजे खेळ नव्हे. ब्राउनस्टाइनचा आराखडा वाचून तिथे काय घडलं ते कळलं नसतं. छापील नियम काय घडावं ते सांगतात. काय घडलं ते आठवणी, टिपणं आणि क्षेत्रकार्यातून मिळतं.

तिसरी, साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. मी इथे खडी गंमत आणि रोल-प्ले शेजारी ठेवले. एकातून दुसरं आलं असं मी म्हणत नाही, आणि 'दंडार म्हणजे आपला देशी रोल-प्ले' असं तर मुळीच नाही. दंडारीचा प्रेक्षक पात्र चालवत नाही. तुलनेचा उपयोग एवढाच की एका ठिकाणी नजरेआड झालेलं काम दुसऱ्या ठिकाणी नाव घेऊन उभं असतं. झीलकरी हा शब्द माहीत होता म्हणून टेबलावरची रिकामी जागा मला दिसली.

माझ्या वहीत आता 'लक्ष सुटलं' हा शेरा येत नाही. त्याऐवजी तीन रकाने आहेत: कोण, कुठल्या चौकटीतून कुठल्या चौकटीत गेला, आणि त्याला परत कोणी आणलं. तिसरा रकाना बहुतेक वेळा खेळ चालवणाऱ्याच्या नावाने भरत नाही. शेजारी बसलेल्याच्या नावाने भरतो.