बीज आणि भूमि

शेतीवरून सुचलेल्या एका उपमेनें वैद्यकाच्या इतिहासांत केवढी कामगिरी बजावली, हें आज सांगावयाचें आहे. विषय स्तनाच्या कर्करोगाचा आहे. घरांत त्याचें नांव दबक्या आवाजानें घेतलें जातें; म्हणूनच त्याची हकीकत मोकळेपणानें सांगणें अवश्य वाटतें.

१८८९ सालीं लंडनचे शल्यवैद्य स्टीफन पॅजेट यांनीं या रोगानें दगावलेल्या ७३५ रुग्णांच्या नोंदी तपासून ‘लॅन्सेट’मध्यें निबंध लिहिला. रोगाचे कण रक्ताबरोबर वाहत जाऊन वाटेल तेथें अडकत असते, तर यकृत व प्लीहा या दोहोंसही सारखाच उपसर्ग पोंचावयास हवा होता. परंतु यकृतांत रोग २४१ वेळां आढळला, प्लीहेंत अवघा १७ वेळां! तेव्हां रोग कोठें रुजेल हें केवळ बीजावर नव्हे, भूमीवरही अवलंबून असतें, असें त्यांनीं अनुमान काढलें.

‘पेरावें तसें उगवतें’ ही आपली म्हण सारें श्रेय बीजासच देते. पुढें बहुतेक संशोधकही बीजाच्याच मागें लागले. १९११ सालीं न्यूयॉर्कच्या पेटन राउस यांनीं कोंबडीच्या अर्बुदाचा पेशी गाळून टाकलेला रस दुसऱ्या कोंबडीस टोंचला, आणि तिलाही अर्बुद झालें. त्याचें कारण एक विषाणु ठरला व राउस यांस १९६६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मग प्रश्न उरला कोठें?

तो विचारला इराणांत जन्मलेल्या मीना बिसेल या विदुषींनीं. १९८४ सालीं कॅलिफोर्नियांत त्यांनीं व डॉल्बर्ग यांनीं तोच विषाणु अंड्यांतील गर्भांत टोंचला. विषाणु पेशींत शिरला, पण अर्बुद झालें नाहीं. त्याच पेशी सुट्या करून कांचेच्या बशींत वाढवितांच त्या कर्करोगी बनल्या. पुढच्याच वर्षीं असें दिसलें, कीं पिलाच्या एका पंखांत विषाणु टोंचून दुसऱ्यास जखम केली, तर त्या जखमेच्या जागींही अर्बुद उठतें. १९८६ सालीं बॉस्टनच्या हॅरल्ड ड्वोरॅक यांनीं तर अर्बुदांस न भरणाऱ्या जखमांचीच उपमा दिली.

स्तनांतील दुग्धनलिकांभोंवतीं एक पातळ पटल असतें. त्याबाहेर तंतु, चरबी, रक्तवाहिन्या व संरक्षक पेशी. आरंभीं बिघडलेल्या पेशी नलिकेच्या आंतच कोंडलेल्या असतात, आणि त्या सर्वच बाहेर पडतात असें नाहीं. भोंवतालचे तंतु ताठर झाले, दाह टिकून राहिला, पटल झिजलें, म्हणजे त्यांस वाट मिळते. १९९७ सालीं बिसेल व व्हॅलरी वीव्हर यांनीं भोंवतालचा निरोप पेशीस पोंचविणाऱ्या एका प्रथिनास अडविलें. तेव्हां प्रयोगशाळेंतील कर्करोगी पेशी निरोगी पेशींप्रमाणें शिस्तीनें गोलाकार पुंजके करून राहिल्या; जनुकांतील बिघाड मात्र तसाच होता!

यावरून कोणी लेप व पथ्य यांनीं भूमि सुधारूं पाहील, तर तो आत्मघात होईल. बशींतील प्रयोग म्हणजे रुग्णाचा उपचार नव्हे. गांठ हातास लागतांच डॉक्टरांकडे जावें. आनुवंशिक दोषानें धोका वाढतो, हेंही खरें. परंतु आईस झाला म्हणून मुलीस होणारच, असा निवाडा देऊन तिच्या कुळास बोल लावणाऱ्यांनीं त्या अंड्यांतील गर्भाचें स्मरण ठेवावें. बीज म्हणजे विधिलिखित नव्हे.