ख्रिस्ती गृहशिक्षण (पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर)

ख्रिस्ती गृहशिक्षण : मुलांना शाळेत न पाठवता आईवडिलांनी ख्रिस्ती श्रद्धेच्या पायावर घरीच दिलेले संपूर्ण शिक्षण. संडे स्कूल किंवा रोजची कौटुंबिक प्रार्थना यांच्यापेक्षा याची व्याप्ती मोठी असते. भाषा, गणित, विज्ञान हे विषयही घरीच शिकवले जातात. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवण्याचे काम आईवडिलांकडे सोपवले आहे. हाच या विचाराचा मुख्य शास्त्राधार.

पूर्वपीठिका : इंग्लंडमधील शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी छोटे पाठ, निसर्गनिरीक्षण आणि वाचलेले मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगणे ही पद्धत रुजवली. अमेरिकेत रेमंड व डोरोथी मूर या ॲडव्हेंटिस्ट ख्रिस्ती पंथाच्या दांपत्याने १९७० च्या दशकात लहान वयात औपचारिक शिक्षण सुरू करण्यास विरोध केला. पुढे ख्रिस्ती पालकांनी संघटितपणे कायदेशीर लढे दिले आणि १९९३ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत गृहशिक्षणाला मान्यता मिळाली.

महाराष्ट्रातील वारसा : पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) शाळेत कधीच गेल्या नाहीत. हिंदू घरात आई लक्ष्मीबाईंकडून त्या संस्कृत शिकल्या आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘सरस्वती’ पदवी दिली. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अमेरिकेत शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला आणि पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शिक्षण, हस्तव्यवसाय व उपासना एकत्र आणली. मुक्ती ही निवासी संस्था होती, त्यामुळे तिला गृहशिक्षण म्हणता येत नाही; मात्र श्रद्धा आणि विद्या एकाच छताखाली नांदू शकतात याचा मराठी मुलखातला हा ठळक दाखला आहे. मराठी ख्रिस्ती घरांत शास्त्रपाठ, ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील गीते आणि बालबोधमेवा हे मुलांचे मासिक यांनीही घरच्या शिक्षणाला आधार दिला.

कायदा : संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, अनुदानित मिशन शाळेतही त्यासाठी पालकांची संमती लागते. शिक्षण हक्क कायदा, २००९ (अंमल १ एप्रिल २०१०) सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानतो. मात्र त्यात गृहशिक्षणाचा उल्लेख नाही आणि पालकांना शिक्षेची तरतूदही नाही. विनामान्यता शाळा चालवणाऱ्यास मात्र दंड होतो. म्हणून अनेक कुटुंबांनी मिळून चालवलेला वर्ग आणि स्वतःच्या मुलांना घरी शिकवणे यांतली सीमारेषा पालकांनी जपावी लागते.

परीक्षा : राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या (एनआयओएस) मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी व आठवीला समकक्ष आहेत. तिच्या दहावीसाठी किमान वय १४ वर्षे असून मराठी माध्यमही उपलब्ध आहे. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला ‘१७ नंबरचा फॉर्म’ भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. मुंबईत शाळा सोडून घरी शिकलेल्या एका मुलीला २०१६ मध्ये संगणक ऑलिंपियाडमधील पदकांच्या बळावर अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावीच्या प्रमाणपत्राअभावी आयआयटीचा मार्ग मात्र तिला बंद होता.

पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्यातील संदर्भ : १९५४ च्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून २००९ च्या चाकण येथील फोक्सवॅगन कारखान्यापर्यंत उद्योग वाढत गेले, तसे देशभरातून कामगार व अभियंते येथे आले, त्यांत मराठी, मल्याळी, तमिळ ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. बदली आणि पाळीची ड्युटी असलेल्या घरात वेळापत्रक आपल्या हाती असणे मोलाचे ठरते. पण रात्रपाळी करून आलेल्या वडिलांची झोप सांभाळत शिकवण्याचा सारा भार बहुधा आईवरच पडतो. या निर्णयाआधी तिची इच्छा, तिचे शिक्षण आणि तिची विश्रांती यांचा विचार व्हायलाच हवा.

मूल्यमापन : मुलाच्या गतीने शिकवणे, घरातील जिव्हाळा आणि श्रद्धेचे सातत्य ही या पद्धतीची बलस्थाने आहेत. समवयस्कांची सोबत तुटणे, विज्ञानाची प्रयोगशाळा नसणे आणि मुलाच्या छळाकडे किंवा दुर्लक्षाकडे बाहेरच्या कुणाचे लक्ष न जाणे हे तिचे खरे धोके. वस्तीतल्या इतर धर्मांच्या मुलांबरोबरचा खेळ, मराठीचा पक्का पाया आणि वेळेवर दिलेली मान्यताप्राप्त परीक्षा यांची जोड असेल तरच ही पद्धत मुलाच्या हिताची ठरते. प्रश्न विचारण्याचे स्वातंत्र्य मिळालेल्या मुलाचीच श्रद्धा पुढे त्याची स्वतःची होते.