आजवरचा सर्वांत वाईट भाग

वाचकाच्या प्रतिसादाचा इतिहास लिहिला जावा, असे आपल्या समीक्षेत अधूनमधून म्हटले जाते. पण सामान्य वाचक आपले मत कोठे लिहून ठेवत नाही, ही त्या इतिहासापुढची पहिली अडचण. १९९० च्या सुमारास अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांपुरती ती काही काळ दूर झाली होती, म्हणून ते प्रकरण साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहण्यासारखे आहे.

‘द सिम्पसन्स’ ही व्यंगचित्रमालिका फॉक्स वाहिनीवर डिसेंबर १९८९ मध्ये आली आणि १९९० सालीच यूजनेटवर तिच्यासाठी स्वतंत्र चर्चागट निघाला. यूजनेट ही १९८० पासूनची, मुख्यतः विद्यापीठांच्या संगणकांमधून चालणारी निरोपांची व्यवस्था. तिथे लिहिणारे बहुतेक विद्यार्थी, संशोधक आणि संगणकाच्या व्यवसायातले लोक. ही मंडळी प्रत्येक भाग चित्रफितीवर मुद्रित करीत, चित्र थांबवून मागच्या पाट्या वाचीत, कोणत्या विनोदामागे कोणता जुना चित्रपट आहे ते नोंदवीत, आधीच्या भागांशी असलेल्या विसंगती काढीत. आणि हे सारे भागवार संकलित होई. महानुभावांच्या स्थानपोथीतला काटेकोरपणा आठवावा, असा हा उद्योग. (श्रद्धेचा भाग दोन्हीकडे होताच.) मालिकेचे लेखकही हे वाचीत असत, चित्र थांबवल्यावाचून दिसणार नाहीत असे विनोद ते मुद्दाम पेरू लागले.

मात्र टीप लिहिणाऱ्याला लवकरच निकालही द्यावासा वाटतो. मालिका घसरली, ही तक्रार त्या गटात फार लवकर सुरू झाली. तिला लेखकांनी ९ फेब्रुवारी १९९७ रोजी प्रसारित झालेल्या भागात उत्तर दिले. मालिकेतली मुले ‘इची अँड स्क्रॅची’ नावाची एक व्यंगचित्रमालिका पाहतात. तिचा प्रेक्षक घटतो म्हणून निर्माते तिच्यात ‘पूची’ हा नवा कुत्रा घुसडतात आणि तो सपशेल पडतो. एका प्रसंगात एक चाहता विचारतो, की हाडाच्या सापळ्यावर झायलोफोन वाजवताना एकाच बरगडीवर दोनदा घाव पडला, तरी दोन निराळे स्वर कसे निघाले? पुढे कॉमिक्सच्या दुकानाचा स्थूल मालक त्या भागाला आजवरचा सर्वांत वाईट ठरवतो. आपण निष्ठावान प्रेक्षक असल्याने निर्माते आपले देणे लागतात, असे त्याचे म्हणणे. छोटा बार्ट त्याला सुनावतो, की हजारो तासांची करमणूक फुकट मिळाली, तेव्हा ऋणी असलाच तर तू आहेस. मालकापाशी प्रतिवाद नाही. तो आपला निकाल तेवढा पुन्हा उच्चारतो.

प्रसंग अप्रतिम आहे, पण न्याय्य आहे असे मला वाटत नाही. व्यापारी दूरचित्रवाणी प्रेक्षकाचे लक्ष जाहिरातदारांना विकते. तेव्हा ‘फुकट’ हा शब्द बार्टच्या तोंडी शोभला, तरी लेखकांना तो इतक्या सहज वापरता येऊ नये. शिवाय ज्या बारीक नजरेची इथे थट्टा आहे, तिच्यासाठीच तर त्या पाट्या लिहिल्या जात होत्या. दुकानदार हास्यास्पद ठरतो तो त्याने बरगड्या मोजल्या म्हणून नव्हे. मोजून झाल्यावर त्याला एका वाक्यापलीकडे काही सांगता येत नाही म्हणून.

यूजनेटवरच्याच चित्रपटप्रेमींनी जमवलेल्या नटनट्यांच्या याद्यांतून १९९० मध्ये कॉल नीडहॅम यांनी शोधता येण्याजोगा संग्रह सिद्ध केला. तोच पुढे ‘आयएमडीबी’ झाला आणि १९९८ साली अ‍ॅमेझॉनने विकत घेतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्या संस्थेने आपले चर्चाविभाग बंद केले आणि प्रेक्षकांनी वर्षानुवर्षे घातलेले वाद तिथून नाहीसे झाले. याद्या मात्र राहिल्या. यूजनेटवरचे जुने निरोप गूगलने २००१ मध्ये डेजा या कंपनीकडून घेतलेल्या संग्रहात सापडतात, पूचीवरचे सुद्धा.