तंजावरचा तुटलेला दोर आणि मोबाइलचा ठावठिकाणा

बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला भोसले कुळाचा मराठी इतिहास अनेकांना ठाऊक असतो. त्याच मंदिरावरचा १८०८ सालचा अपघात फारसा ठाऊक नसतो. कावेरीच्या सपाट मुलखात दूरवर पाहण्यासाठी डोंगर नव्हते. म्हणून विल्यम लॅम्बटनने आपला अर्ध्या टनाचा थिओडोलाइट मंदिराच्या शिखरावर चढवायला घेतला. दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि कोन मोजण्याचे वर्तुळ वाकले. सुमारे सहा आठवडे खपून त्याने ते स्वतः सरळ केले. हा आटापिटा अनाठायी नव्हता: ज्ञात बिंदूंवरून कोन मोजून अज्ञात बिंदू ठरतो, आणि एका विकलेची, म्हणजे अंशाच्या ३६००व्या भागाची चूक ५० किलोमीटरवर २४ सेंटिमीटर होते.

मोबाइल शोधतानाही ज्ञात बिंदू लागतातच. ते टॉवर असतात किंवा उपग्रह. मात्र येथे बहुधा कोनाऐवजी रेडिओलहरींच्या प्रवासाचा काळ मोजून अंतर काढतात. तीन टॉवरांपासूनची अंतरे कळली की तीन वर्तुळांच्या छेदात फोन सापडतो. वाकण्याजोगे वर्तुळ आता नाही, पण घड्याळ आहे: एका मायक्रोसेकंदाची चूक ३०० मीटरची. जुन्या जीएसएम टॉवरला तर अंतर सुमारे ५५० मीटरच्या टप्प्यांनीच कळे. बृहदीश्वराचा २४० मीटर लांबीचा प्राकार तशा एका टप्प्यात सहज मावतो.