नगरला जातो म्हणून...

आमच्या नारायणगडाच्या मुलखात पाण्याची अशी ओरड, की पावसाळ्यात ओढ्याला चार हात पाणी आलं तर ते बघायला माणसं काठावर जमतात. अशा ठिकाणी माझ्या लहानपणी एका लढाऊ जहाजावर जितकी चर्चा झाली, तितकी कोकणातल्या एखाद्या बंदरावरही झाली नसेल.

गड म्हटला म्हणून बुरूज-तोफा डोळ्यांसमोर आणू नका. बीडजवळचा हा गड म्हणजे नगद नारायण महाराजांचं वारकरी देवस्थान. लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. तोफा बघायला आलेला नवखा माणूस टाळ-मृदंग ऐकून परत जातो. तेव्हा जहाज आमच्याकडे आलं ते काही समुद्रातून नव्हे. ते आलं दामूकाकाच्या तोंडातून.

दामूकाका मुंबईच्या गोदीत हमालीला होता. वर्षातून दोनदा घरी येई. आगगाडीने नगर, तिथून एस.टी. गावात पाय टाकला, की धोतराच्या आधी बातम्यांची घडी उलगडायचा. 1959 सालच्या उन्हाळ्यात त्याने जी घडी उलगडली ती पुढं पाच-सहा वर्षं मिटलीच नाही. कमांडर कावस नानावटी, 'आयएनएस म्हैसूर' या क्रूझरवरचा दोन नंबरचा अधिकारी. इंग्रज बायको सिल्विया, तीन लेकरं. नवरा महिनोन्महिने दर्यावर. आणि मुंबईत मोटारींचा धंदा करणारा प्रेम आहुजा नावाचा देखणा गृहस्थ. 27 एप्रिलला सिल्वियाने नवऱ्यापाशी सगळं कबूल केलं आणि त्याच दिवशी चार-सव्वाचारच्या सुमारास नानावटीने आहुजाच्या फ्लॅटवर जाऊन तीन गोळ्या झाडल्या. मग आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाला.

"मी त्या म्हैसूरच्या सावलीत भाकर खाल्लेली आहे," काका सांगायचा. एवढ्या एका भाकरीवर त्याला या खटल्यात बोलायचा पूर्ण अधिकार मिळाला होता. जहाज केवढं होतं, हे दर खेपेला वाढत जाई. पहिल्या वर्षी आमच्या शाळेएवढं होतं, तिसऱ्या वर्षी ते बीडच्या बाजारपेठेत मावेना. खरी हकीकत अशी, की ते जहाज मुळात ब्रिटिशांचं, 'नायजेरिया' नावाचं. दुसऱ्या महायुद्धात लढलेलं. आपण ते विकत घेतलं आणि 1957 साली ते म्हैसूर झालं. थोडक्यात, हाताखालून गेलेलं. पण हे काकाला सांगायची सोय नव्हती.

खटला ज्यूरीपुढे चालला. नऊ पंच. त्यातल्या आठांनी सांगितलं, निर्दोष. एकाने सांगितलं, दोषी. सत्र न्यायाधीश मेहता यांना हा निकाल पुराव्याच्या सरळसरळ उलट वाटला आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे धाडलं. तिथे सरकारच्या बाजूने उभे राहिले यशवंतराव चंद्रचूड, जे पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. 11 मार्च 1960 रोजी जन्मठेप झाली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षा स्थगित केली आणि कमांडरसाहेब तुरुंगाऐवजी आरमाराच्याच ताब्यात राहिले. सगळी मुंबई या माणसावर फिदा होती. करंजियांचं 'ब्लिट्झ' दर आठवड्याला त्याची बाजू लढवत होतं आणि चार आण्यांचा तो अंक दोन रुपयांना विकला जात होता. रस्त्यावर फेरीवाले 'आहुजा टॉवेल' आणि 'नानावटी रिव्हॉल्व्हर' विकत. आहुजाच्या अंगावर गोळ्या लागल्या तेव्हा टॉवेलच होता, आणि झटापट झाली म्हणता तर मग तो टॉवेल सुटला कसा नाही, हा सरकारपक्षाचा बिनतोड सवाल. दामूकाकाने तसला एक टॉवेल आणला होता. आजीने त्याची निमूटपणे पाटावरची घडी केली.

असो. 1963 साली या प्रकरणावर सिनेमा निघाला, 'ये रास्ते हैं प्यार के'. सुनील दत्तने काढला, स्वतःच काम केलं, दिग्दर्शक आर. के. नय्यर. बीड ओलांडून आमच्या बाजूला तंबूतला सिनेमा यायचा तो दोन-तीन वर्षं शिळा होऊन. तर 1965 च्या आसपास माळावर तंबू लागला आणि दामूकाका त्याच वेळेला नेमका गावी. मग काय विचारता! त्याने घरोघर फिरून सांगितलं, की जहाज बघायचं असेल तर आजच. गाव लोटलं. ज्यांनी जन्मात सिनेमा बघितला नव्हता असे दोन टाळकरीसुद्धा उपरणं सावरत आले. सिनेमाला नाही, जहाजाला.

पुढे बाप्ये, कापडाच्या पडद्यापलीकडे बायका, मध्ये आम्ही पोरं. सिनेमा सुरू झाला. गाणी झाली. लीला नायडू दिसली तेव्हा तंबूत क्षणभर शांतता पसरली, तेवढी काल्याच्या कीर्तनालाही नसते. पण जहाज येईना. पहिलं रीळ संपलं, दुसरं संपलं. आणि मग उलगडा झाला, की सिनेमातला नायक मुळी दर्यावर्दी नाहीच. तो वैमानिक आहे!

"आरं दाम्या, जहाज कुठंय?" अंधारातून आवाज आला.

"हे इमानच जहाज म्हणायचं. हवाई जहाज." काकाने किल्ला लढवून पाहिला.

"इमान आम्ही शेतातून फुकट बघतो की! फसवायलाव काय आम्हाला?"

तंबूवाल्याकडे पैसे परत मागायला आठ-दहा जण गेले. तंबूवाला म्हणाला, जहाजाचं मी बोललोच नव्हतो. हे खरं होतं. मग ते लोक काकाकडे वळले. कोर्टाचा प्रवेश सुरू झाला म्हणून काका वाचला. अशोककुमार आणि मोतीलाल वकिलाच्या झग्यात समोरासमोर आल्यावर भांडायला उठलेला माणूसही खाली बसतो.

जहाजावरच्या खुनाचा खराखुरा सिनेमा कसा असतो हे मला फार वर्षांनी नातवाच्या टेलिफोनवर कळलं. 'मर्डर इन द फ्लीट' म्हणून 1935 सालचा एमजीएमचा आहे, रॉबर्ट टेलरचा. खून जहाजावर, खुनी जहाजावर, आणि शोध लागेपर्यंत कुणाला खाली उतरू देत नाहीत. सोय कशी छान! आपल्याकडे खऱ्या गोष्टीत खरं जहाज असूनही सिनेमावाल्यांनी ते तीनदा बंदराबाहेर ठेवलं. सुनील दत्तला वैमानिक केलं. 1973 साली गुलजारांनी 'अचानक' काढला, त्यात विनोद खन्ना लष्करात मेजर. 2016 साली 'रुस्तम'मध्ये अक्षयकुमारला एकदाचा आरमाराचा गणवेश मिळाला, तर गोष्टीत विमानवाहू जहाजाच्या खरेदीतला भ्रष्टाचार घुसवला. म्हणजे नायकाचा राग निव्वळ घरगुती राहायला नको, त्याला देशभक्तीची किनार हवी. म्हैसूर बिचारी 1985 सालीच निवृत्त झाली होती.

पण मी त्या रात्रीचं सांगत होतो. सिनेमा सुटल्यावर पारावर मंडळी बसली. जहाजाचा राग काकावर निघाला होताच, आता खटला निघाला. हात वर करून मतं घेतली. सगळे निर्दोष म्हणाले. आजी तेवढी कडेला कंदील धरून उभी होती. ती म्हणाली, "मारलं की नाही त्यानं?"

"मारलं, पण माय, त्याची बाजू..."

"त्याची बाजू समद्यांनी ऐकली. मेलेल्याची कोणी ऐकली? त्याला कोणी बहीण-बिहीण होती का नाही?"

बहीण होती. मॅमी आहुजा. खटल्यात न्याय मागत होती. काकाला हे ठाऊक होतं आणि त्याच्याकडे हुकमाचं पानही होतं. 24 नोव्हेंबर 1961 रोजी सुप्रीम कोर्टाने जन्मठेप कायम केली होती, पण मार्च 1964 मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटीला माफी दिली. त्याच वेळी भाई प्रताप या सिंधी स्वातंत्र्यसैनिकालाही दुसऱ्या एका प्रकरणात माफी मिळाली. एक पारशी, एक सिंधी. तराजूची दोन्ही पारडी सारखी. आणि नानावटीच्या माफीला खुद्द मॅमीने संमती दिली होती.

"माय, तिनं माफ केलं. मग तुझं काय?" काका विजयी मुद्रेने म्हणाला.

आजीने कंदिलाची वात खाली केली. "माफ केलं म्हणजे गुन्हा केलता म्हणूनच ना? बिनगुन्ह्याला कोण माफ करतंय?"

पार उठला. आठास एक हे गणित मुंबईत पडलं होतं, आमच्याकडे चाळीसास एक पडलं. मुंबईतला तो नववा पंच कोण होता ते मला ठाऊक नाही, पण मला तो नेहमी हातात कंदील घेतलेलाच दिसतो.

पुढे मी बीडला एका वकिलाकडे कारकून म्हणून चिकटलो. ऑल इंडिया रिपोर्टरच्या जाड खंडांवरची धूळ झटकणं हे माझं पहिलं काम. एका दुपारी 1962 चा खंड झटकता झटकता नानावटी हाती लागला. सुप्रीम कोर्टाचा निकाल. सुब्बा रावांनी लिहिलेला. इंग्रजी माझं बेताचं, पण त्या दिवशी जेवायला उठलो नाही.

त्यात त्या दुपारचा सगळा हिशेब आहे. दीडच्या सुमारास घर सोडलं. बायको-मुलांना मेट्रो सिनेमाला उतरवलं. तिथून जहाजावर. जहाजाच्या भांडारातून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली, तपकिरी लिफाफ्यात घातली. आधी आहुजाच्या ऑफिसात, तिथे तो नाही म्हणून घरी. चार वीसला गोळ्या. कोर्ट म्हणतं, मध्ये जवळजवळ तीन तास गेले. डोकं ठिकाणावर यायला एवढा वेळ पुरेसा आहे. हा बेभान झाल्याच्या भरातला प्रकार नव्हे.

आणि मधेच ते वाक्य. भांडारातून शस्त्र काढायचं तर कारण सांगावं लागतं. कमांडरसाहेबांनी कारण सांगितलं, की रात्री एकट्याने मोटारीतून अहमदनगरला जायचं आहे.

मी तीनदा वाचलं. अहमदनगरच होतं. (हल्ली त्याचं अहिल्यानगर झालं.) खुद्द नानावटीचं म्हणणं असं, की रिव्हॉल्व्हर त्याला स्वतःवर झाडायचं होतं. खरं-खोटं तो जाणे. पण नाशिक नाही, पुणे नाही, नाव सुचलं ते नगरचं! तिथे लष्कराचं ठाणं आहे, म्हणून गणवेशातल्या माणसाच्या तोंडात ते सहज आलं असेल. मला मात्र एवढंच दिसलं, की नगरचा रस्ता रात्री, एकट्याने, म्हटल्यावर आरमाराने मुकाट्याने सहा काडतुसं मोजून दिली. ज्या रस्त्याने दामूकाका ज्वारीचं गाठोडं मांडीवर घेऊन, शेजाऱ्याच्या खांद्यावर घोरत यायचा, तोच हा.

आजी तोवर गेली होती. तिला हे सांगायला हवं होतं. काका गावीच असायचा, गोदीने कमरेतून वाकवून परत धाडलेला. रविवारी मी खंडातलं ते पान उतरवून घेऊन गेलो. मराठीत वाचून दाखवलं. काकाने पुन्हा वाचायला लावलं.

"नगरला जातो म्हणाला?"

"हो."

"अन् लिहून घेतलं त्यांनी?"

"बंदूक दिली म्हणजे पटलंच असणार."

तो बराच वेळ अंगणातल्या बाभळीकडे बघत बसला. म्हैसूरच्या सावलीतली भाकर त्याच्या घशात अडकली असावी. सहा वर्षं त्याने या माणसाची वकिली फुकट केली होती, स्वतःच्या आईच्या विरोधात.

"खोटंच बोलायचं होतं," तो शेवटी म्हणाला, "तर आमच्या रस्त्याचं नाव कामून घेतलं गड्या?"

मी काय बोलणार? कागदाची घडी घातली.

"आन् समज, खरंच निघाला असता," काका म्हणाला, "तर रात्रीतून नगरला पोचला असता. डोकं थंड झालं असतं. सकाळी ष्टँडावर चहा पिऊन माघारी गेला असता. आहुजा जगला असता, हाही जहाजावर राहिला असता."

मग थोडं थांबून, आतल्या अंधाऱ्या खोलीकडे बघून म्हणाला, "मायला सांगायला पाहिजे होतं."